एकशे सोळा बाय चौऱ्याहत्तर

माझ्या नवऱ्याला मी सगळं सांगते. भाजीत मीठ जास्त पडलं तर त्यानं पहिला घास घेण्याआधीच सांगून मोकळी होते. हे मात्र त्याला सांगितलेलं नाही. आईला नाही, सोबतच्या सिस्टरांना नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही या जागेपाशी आले की मी भराभर पुढे सरकते. आज तुमच्याशी बोलते आहे, कारण — कारण काय ते मलाही धड सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक असेल.

आधी मी कोण ते सांगते. लांबण लावते आहे असं समजू नका. — नाही, लांबणच लावते आहे. समजा हवं तर.

मी छाया. गोंदियातल्या एका दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. शिस्तीची म्हणून माझं नाव आहे. शिकाऊ मुली माझ्या पाळीत ड्युटी लागली की तोंड पाडतात, हे मला माहीत आहे आणि खरं सांगायचं तर त्याची थोडी ऐटही आहे. मागच्या महिन्यात एका मुलीनं सहा पेशंटचे बीपी न तपासताच चार्टवर लिहून टाकले. मी पकडलं. अशी झापली तिला, की पोरगी आम्ही चादरी ठेवतो त्या खोलीत जाऊन रडली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, छाया, तुझी नजर भारी आहे, तुला कसं कळलं गं? मी हसले. कसं कळलं? तिनं एकही आकडा दोनदा लिहिला नव्हता. सगळे थोडे थोडे वेगळे, सगळे छान, सगळे निरोगी. असं कोण लिहितं ते मला ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी घरी आले आणि तांदूळ निवडत बसले. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडले. नवरा म्हणाला, काय झालं? मी म्हणाले, डोकं दुखून राहिलं.

माझं माहेर सौंदडजवळ. घरी धानाची शेती. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, कधी सुटणार यापलीकडे वडिलांनी कधी फार विचार केला नाही, पण मुलीनं नर्स व्हावं हे त्यांनी कोण जाणे कुठून डोक्यात घेतलं होतं. बारावीनंतर मी एएनएम केलं. बाहेरच्या माणसाला आम्ही सगळ्या नर्सच, पण आमच्यात पायऱ्या आहेत. एएनएम म्हणजे खालची पायरी. गावोगाव फिरून लसी देणारी, गरोदर बायांची तपासणी करणारी. वरची पायरी जीएनएम. ते केलं की मोठ्या दवाखान्यात स्टाफ नर्स होता येतं. दोन्हीकडे परीक्षा पास झाल्यावर नर्सिंग कौन्सिलात नाव नोंदवावं लागतं, मग नंबर मिळतो. नंबर म्हणजे परवाना. तो गेला तर शिकलेलं सगळं घरी बसून आठवायचं.

माझा पहिला नंबर आला तेव्हा मी जीएनएमलाही नाव घातलेलं होतं. आणि त्याच सुमाराला एका उपकेंद्रात कंत्राटी नोकरीही लागली — चिचगडच्या पुढे, जंगलाला लागून असलेलं गाव. नाव सांगत नाही. नोकरी तिकडे आणि कॉलेज गोंदियात, मग हजेरीचं काय, असं तुम्ही विचाराल. तसली कॉलेजं आमच्याकडे होती एवढंच सांगते. तो कबुलीजबाब त्यांनी द्यावा. मला परीक्षा मात्र खरी द्यावी लागायची, आणि मी ती खऱ्या अभ्यासानं द्यायचे. याचा मला अभिमान होता. कॉपी करणाऱ्या मुलींना मी नावं ठेवायचे.

गावात माझ्या सोबतीला रेवताबाई होती. नाव बदललं आहे. ती तिथली आशा, गावातलीच आरोग्य कार्यकर्ती. चाळिशी उलटलेली, काटक, बोलायला सरळसोट. मी चोवीसची, गावात नवी. पहिल्या आठवड्यात मला कोणाच्या घरी कुत्रा बांधलेला नसतो आणि कोणाच्या घरी सासू, हे तिनंच शिकवलं. मला ती सिस्टर म्हणायची आणि जी लावायची. माझा डबा आला नाही की तिच्या घरची आंबील यायची. मी चांगली माणसं ओळखते. तिला मी ओळखलं होतं. म्हणजे न ओळखल्यामुळे झालं, असंही म्हणायला जागा नाही.

महिन्यातून एकदा अंगणवाडीत गरोदर बायांची तपासणी असायची. रेवताबाई घरोघर जाऊन त्यांना गोळा करून आणायची. मी वजन घ्यायचं, बीपी पाहायचा, पोट तपासायचं, गोळ्या द्यायच्या, आणि सगळं कार्डावर आणि रजिस्टरात लिहायचं. ते दिवस रोवणीचे, भाताच्या लावणीचे होते. धानाची रोवणी असली की आमच्याकडे घरात बाई सापडत नाही. गरोदर असली तरी बांधीत उतरते, निदान कडेला बसून पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या तरी बांधून देते. त्या दिवशी बारा जणी आल्या, त्याही चिखलाच्या पायांनी, आणि सगळ्यांना परत जायची घाई. त्यांची टोळी थांबून होती.

मलाही घाई होती. तीन दिवसांनी माझा पेपर होता. रजिस्टरच्या खाली माझं पुस्तक होतं.

बऱ्याच वर्षांपर्यंत मी स्वतःला सांगत आले की त्या दिवशी बीपीचं मशीन बिघडलं होतं. कधी सेल संपलेले असायचे, कधी पट्ट्यातून हवा जायची. इतक्या वेळा सांगितलं, की ती हवा जातानाचा आवाजसुद्धा मला आठवायला लागला. — मशीन बिघडलं नव्हतं. पिशवीत होतं, चालू होतं. मी ते बाहेर काढलं नाही. एका बाईला पाच मिनिटं धरली तर बारा जणींचा तास जातो, आणि तासाभरात माझं एक प्रकरण वाचून होत होतं. वजन मी घेतलं, कारण वजनकाट्यावर त्या स्वतः उभ्या राहतात. गोळ्या दिल्या. बीपीचे रकाने मनानं भरले. एकशे दहा बाय सत्तर. एकशे चौदा बाय बहात्तर. एकशे अठरा बाय शहात्तर. सगळ्यांना सारखा आकडा लिहिला तर साहेब पकडतात, एवढी अक्कल मला होती.

हे पहिल्यांदाच केलं का? नाही. पण आधीच्या वेळी मी निदान दोन-तीन जणींचा पाहून बाकीच्यांचा लिहायचे. त्या दिवशी एकीचाही पाहिला नाही.

ममता शेवटून तिसरी होती. हेही नाव बदललेलं. बावीस वर्षांची, पहिलटकरीण, आठवा लागलेला. बोलायला लाजाळू. रेवताबाईनं तिला दंडाला धरून माझ्यासमोर बसवलं आणि म्हणाली, "सिस्टर, हिचे पाय लय सुजून रायले जी. तोंड बी फुगलं. हिचा नीट पाहून घ्या."

मी ममताच्या पायांकडे पाहिलं. घोट्यापर्यंत चिखल होता, वरती सूज. आणि मी म्हणाले — हसून म्हणाले, ते मला आठवतं — दिवसभर चिखलात उभं राहिल्यावर रोवणीत कोणाचे पाय सुजत नाहीत? ममताही हसली. बाजूच्या बायाही हसल्या, एकीनं आपले पाय पुढे करून दाखवले. रेवताबाई हसली नाही. ती क्षणभर पिशवीकडे पाहत होती. मी कार्ड ओढलं आणि लिहिलं, एकशे सोळा बाय चौऱ्याहत्तर. ममता उठून गेली. शेतावरून कोणी तरी हाक मारत होतं.

चेहरा सुजला की बीपी पाहायचा, हे एएनएमच्या पहिल्या वर्षातली मुलगीही सांगते. मला ते येत होतं. विचारलं असतं तर मी तुम्हाला क्रमानं सगळी लक्षणं म्हणून दाखवली असती.

माझा पेपर चांगला गेला.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी, सकाळची न्याहारी झाल्यावर ममताला घरात झटके आले. सासूला आधी वाटलं की मिरगी आहे. कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली. रेवताबाई धावत गेली, तिनं दवाखान्याच्या गाडीला फोन लावला, मला लावला. मी पोहोचले तेव्हा ममता बाजेवर होती, दात घट्ट बसलेले. मी पिशवीतून मशीन काढलं आणि पट्टा बांधला. एकशे ऐंशी बाय एकशे वीस; झटके त्याचेच होते. रेवताबाई माझ्या खांद्यावरून तो आकडा पाहत होती.

गाडी यायला वेळ लागला, नाल्याला पाणी होतं. देवरीला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून गोंदियाला. ममता वाचली. चार दिवस ती शुद्धीत नव्हती. बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. मी तिला पाहिलं नाही. पाहायला जाऊ शकत होते, गेले नाही.

आता तुम्हाला वाटेल, झालं, हाच तो गुन्हा. मलाही पुष्कळदा वाटतं की इथंच थांबावं. चूक झाली, घाईत झाली, वय लहान होतं, एवढ्या गावांना एक नर्स — असं म्हणून लोक समजूत घालतात, आणि बरं वाटतं. पण खरं ते पुढेच आहे.

असं बाळ गेलं की तालुक्याला बैठक होते. काय झालं, कोणाचं काय चुकलं, याची विचारपूस. डॉक्टर होते, वरचे साहेब होते, मी होते, रेवताबाई होती. साहेबांनी ममताचं कार्ड मागवलं होतं. त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, झटक्यांच्या आठ दिवस आधीचा बीपी तर अगदी व्यवस्थित दिसतो. मग एकाएकी हे झालं तरी कसं? मधल्या दिवसांत आशानं घरी भेट दिली होती का? दिली असेल तर तिला लक्षणं दिसली कशी नाहीत?

रेवताबाई उभी राहिली. तिनं सांगितलं, की पाय आणि तोंड तिला तपासणीच्या दिवशीच सुजलेलं दिसलं होतं, आणि तिनं ते सिस्टरला सांगितलं होतं. बस, एवढंच. मशीन पिशवीतून निघालंच नाही हे ती बोलली नाही. ते सांगायचं तिनं माझ्यावर सोडलं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा माझ्या मनात काय होतं सांगू? ममता नव्हती. बाळ नव्हतं. माझा नंबर होता. एक हातात आलेला आणि दुसरा वर्ष-दीड वर्षावर आलेला. खोटी नोंद केली म्हणून तक्रार गेली तर पहिला जाईल, आणि पहिला गेला तर दुसरा कुठून येणार? वडील गावात सांगत सुटले होते की मुलगी मोठी नर्स होऊन राहिली. हे सगळं मला तेवढ्या वेळात सुचलं. माणसाला भीतीत फार भराभर सुचतं.

मी म्हणाले, "मी पाहिला होता, सर. नॉर्मल होता."

आवाज कापला नाही. मलाच नवल वाटलं.

साहेब रेवताबाईकडे वळले. सिस्टर तर म्हणतात पाहिला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर आज मला सोपं गेलं असतं. ती नुसती थांबली होती, मी अजून काही बोलते का म्हणून. मी बोलले नाही. मग ती म्हणाली, "असन जी. सिस्टर म्हणते त असन." आणि खाली बसली.

तिचं काम दोन महिन्यांत काढून घेतलं. लक्षणं ओळखता आली नाहीत, घरभेटी नीट केल्या नाहीत, असं काहीसं कागदावर होतं. गावानं कागदाची वाट पाहिली नाही. ममताच्या सासूनं तर अंगणात उभं राहून सांगितलं, की या बाईनं आमची नात खाल्ली. ज्या घरांत रेवताबाई बाळंतपणाला सगळ्यांच्या आधी पोहोचायची, त्या घरांची दारं तिला ओळखीची राहिली नाहीत. ती रस्त्यात दिसली की मी पिशवीत काहीतरी शोधायला लागायचे. ती मात्र थांबायची. सिस्टर, जेवली का जी, एवढं विचारायची आणि पुढे जायची.

ती खरं बोलली असती तर कोणी मानलं असतं का? माझ्याकडे कार्ड होतं, शाई होती, नंबर होता. तिच्याकडे काय होतं? तिला हे माहीत होतं, आणि तिला हे माहीत आहे हे मला माहीत होतं. त्याच भरवशावर मी बोलले होते. लोक याला भित्रेपणा म्हणतील. मी पण बरेच दिवस तेच म्हणायचे, कारण तो शब्द जरा मऊ आहे. पण भित्रा माणूस पळून जातो. मी पळाले नाही, मी तिला पुढे केलं.

जीएनएम झालं. दुसरा नंबर आला. वडिलांनी गावात पेढे वाटले. मी गोंदियाला आले, लग्न झालं, वॉर्ड मिळाला. तेव्हापासून मी एकही बीपी न पाहता लिहिलेला नाही, हे खरं आहे. त्यानं रेवताबाईला काय मिळालं?

तीन वर्षांपूर्वी ममता पुन्हा दिवस राहून आमच्याकडे आली. पहिल्या खेपेला असं झालेलं, म्हणून देवरीहून तिला आधीच पाठवलं होतं. मी तिला लगेच ओळखलं. सासू सोबत होती, तिनं मला ओळखलं आणि वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की या आमच्या सिस्टर, यांनी बरोबर तपासलं होतं, त्या रेवतानंच ध्यान नाही देल्लं. मी ममताच्या दंडाला पट्टा बांधत होते. म्हणाले, आता जुनं कशाला काढता.

ती रेवताबाई आता काय करते, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. सासू म्हणाली, काय करते, लोकाच्या बांधीत रोवणीले जाते.

ममता अकरा दिवस होती. मी तिचा बीपी दिवसातून चारदा पाहिला, माझी पाळी नसली तरी येऊन पाहिला. मुलगा झाला, ठणठणीत. घरी जायच्या दिवशी दुपारी सासू कागदपत्रं आणायला खाली गेली होती. बाळ झोपलं होतं. ममतानं बाळाची दुपटी पिशवीत भरली. मग म्हणाली, "सिस्टर, एक विचारू जी? झटके आल्यापासून मले त्या आठ-दहा दिवसांतलं काईच याद नाही. अंगणवाडीत आली होती ते बी याद नाही. रेवताबाई आमच्या घराकडे पाहत बी नाही आता. त्या दिवशी माहा बीपी पाह्यला होता ना तुमी?"

आता कशाची भीती होती? नोकरी पक्की होती. नंबर दोन्ही होते. एवढ्या वर्षांनी कोणी कागद उकरणार नव्हतं. साहेब नव्हते, बैठक नव्हती. वॉर्डात आम्ही दोघी आणि एक झोपलेलं पोर. ती माझ्यावर संशय घेत नव्हती. बहुतेक रेवताबाईबद्दल तिच्या मनात काहीतरी टोचत होतं आणि तिला ते एकदाचं मिटवून घरी जायचं होतं. मी नाही म्हणाले असते तर ती त्याच संध्याकाळी रेवताबाईच्या दारात गेली असती.

मी बाळाचं टोपडं सारखं केलं आणि हो म्हणाले. पाहिला होता, चांगला होता.

तिनं मान हलवली. मग वाकून माझ्या पाया पडली, आणि मी पडू दिलं.